वेसणीवरचा हात

१

केजच्या बसस्थानकावरून धारूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला चौथं दुकान स्वप्नाचं. पाटीवर ठळक अक्षरांत ‘स्वप्ना फोटो स्टुडिओ’ आणि त्याखाली मागाहून रंगवलेलं, जरा तिरकं, ‘थ्रीडी मूर्ती करून मिळतील’. तिरकं अशासाठी की रंगाऱ्याचं स्टूल डुगडुगत होतं आणि ते धरायला आजीला उभं केलं होतं. आजीनं स्टूल धरलं, पण रस्त्यानं ओळखीची बाई दिसली की ती सोडायची आणि हात हलवायची.

पोरगी मात्र मोठी हुन्नरी. फोटोतला काळा गोरा करणं, टकल्याला केस लावणं हे तिच्या डाव्या हातचं काम. वाढदिवसाच्या बॅनरवर तालुक्यातले जेवढे म्हणून पुढारी जाकीट घालून हात जोडतात, त्यातल्या निम्म्यांचं धड एकच आहे आणि ते स्वप्नाच्या कॉम्प्युटरात आहे. मुंडकी तेवढी बदलतात. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

दीड वर्षापूर्वी तिनं थ्रीडी प्रिंटर आणला. रिळावरची प्लॅस्टिकची तार वितळवायची आणि केसाएवढा पातळ थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं खालून वर रचत जायचं. पाय आधी, डोकं शेवटी. सकाळी लावलं की संध्याकाळी वीतभर मूर्ती तयार.

त्या पावसाळ्यात आजी, म्हणजे सारजाबाई, डोंगर उतरून केजला नातीकडे राहायला आली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दर दोन तासांनी थेंब घालायचे, आणि धारूरच्या डोंगरात मेंढरांमागे फिरणारा स्वप्नाचा बाप परमेश्वर ते घालणार कधी? म्हणून आजी हिरवा-काळा चष्मा लावून, नवी काठी मांडीवर घेऊन दिवसभर दुकानात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, “हीरोइनवानी दिसते का न्हाई म्या?”

पोळा पाच दिवसांवर असताना मोहनराव आले. धारूरकडचे मोठे बागायतदार, बोलणं मोकळं.

“पोरी, गोठ्यात दोन ट्रॅक्टर हायेत अन् बैल एकबी न्हाई. दरसाल मातीचा बैल पुजतो. औंदा म्हनलं आबांचा हरण्या पुजावा.”

त्यांनी खिशातून जुना फोटो काढला. पन्नास वर्षांपूर्वीचा असावा. फेटा बांधलेले विठ्ठलराव, म्हणजे मोहनरावांचे वडील, आणि शेजारी लाल कंधारी बैल, अंगावर झूल, शिंगांना गोंडे. बैल असा ताठ उभा की जणू फोटो त्याचाच काढायला माणसं जमलीत. फोटोच्या कडेला, बैलाच्या तोंडापाशी, वेसण धरलेली एक मूठ. मुठीमागचं माणूस फोटोच्या बाहेर राहिलेलं.

“ह्यो हात कुनाचा?” स्वप्नानं विचारलं.

“असंल एखाद्या गड्याचा. काढून टाक. आबाबी नगंत, निस्ता बैल पायजे.”

स्वप्नानं फोटो स्कॅन केला. विठ्ठलराव आणि ती मूठ, दोघंही दहा मिनिटांत गायब. मागचं आभाळ भरून काढलं, बैलाची दुसरी बाजू अंदाजानं घडवली. आजी शेजारीच होती, पण तिच्या डोळ्यात नुकतेच थेंब घातले होते आणि ती डोळे मिटून चहाची वाट बघत होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंट लावला तो संध्याकाळी उतरला. बैल झकास झाला होता. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, गोंडे, सगळं जिथल्या तिथं. फक्त नाकापाशी एक गाठ दिसत होती.

स्वप्नाला त्याचं काही वाटलं नाही. मूर्तीचा एखादा भाग हवेत अधांतरी येत असेल तर मशीन आपलं आपण त्याखाली बारीक टेकू उभे करतं, नंतर ते पकडीनं मोडून काढायचे असतात. बैलाचं तोंड पुढे आलेलं, म्हणजे टेकू असणारच. तिनं पकड उचलली आणि गाठ उजेडात धरली.

टेकूला नखं नसतात.

मूठ होती ती. बोटांचे पेर, पेरांवरच्या सुरकुत्या, आणि करंगळी अर्धीच. स्वप्नानं कॉम्प्युटरवर बैल चारी बाजूंनी फिरवून पाहिला. नाकापाशी काही म्हणजे काही नव्हतं. मूळ फोटो मोठा करून पाहिला, तर तिथं मूठ इतकी धूसर की बोटं मोजायचीही सोय नव्हती. मग अर्धी करंगळी आली कुठून?

तिनं स्वतःला समजावलं. खोडलेलं पुरतं खोडलं गेलं नसेल, त्याचा काही अंश खाली राहिला असेल, मशीननं त्याला आकार दिला असेल, करंगळी छापताना तार तुटली असेल. चार कारणं सापडली की माणसाला बरं वाटतं, तसं तिलाही वाटलं. तिनं कटरनं मूठ अलगद कापून काढली, नाक घासून गुळगुळीत केलं आणि बैल टेबलावर ठेवला.

बैल आडवा झाला.

उभा केला, पुन्हा आडवा. काच आणली, काचेवर ठेवला, तरी तेच. चार पाय सारखे, पोट मधोमध, तरी पुढचे गुडघे टेकावेत तसा कलायचा. शेवटी वैतागून तिनं कापलेली मूठ दोन बोटांत धरून बैलाच्या नाकाला लावली. बैल उभा राहिला. मूठ काढली की पडला.

“काय खेळतीस गं?” आजीनं विचारलं.

“काय न्हाई आजी, तोल जातोय बैलाचा.”

“वेसन धर की मंग,” आजी म्हणाली आणि बशीतला चहा फुर्र करून ओढला.

३

स्वप्नानं सगळं काम मुळापासून पुन्हा केलं. नवी फाइल, नवा बैल, स्कॅन केलेल्या फोटोतली ती कड तर तिनं कापूनच टाकली. दुसरा प्रिंट उतरत आला तेव्हा मोहनराव दारात हजर.

या खेपेला मूठ होती, मनगट होतं, कोपरापर्यंतचा हात होता आणि कोपरावर दुमडलेल्या बाहीची फाटकी कड होती. स्वप्ना मशीनपासून दोन पावलं मागे सरली. मोहनराव मात्र नुसते चिडले.

“अगं, म्या हात काढ म्हनलो, तू तर वाढवून ठिवलास!”

“काका, हाताबिगर बैल उभाच ऱ्हाईना.” तिनं पहिला बैल टेबलावर ठेवून दाखवला. तो त्यांच्यासमोर मुकाट आडवा झाला.

मोहनरावांनी दोनदा, तीनदा, चारदा उभा केला. कपाळाला घाम आला. मग हसायला लागले. “पोळ्याला काय पडका बैल पुजू? चार गावांत नाक जाईल माझं. दे ह्योच. हात तर हात, बैल उभा तर ऱ्हातोय.”

“बघू मला,” आजी म्हणाली.

चष्म्यातून तिला धड दिसत नव्हतं, म्हणून ती बैलाच्या पाठीवरून, वशिंडावरून बोटं फिरवत गेली. “ग्वाड केलास गं,” म्हणत बोटं नाकापाशी आली, मुठीवर आली, करंगळीवर आली आणि थांबली.

“आजी?”

“हे सिदूचं बोट हाय,” ती म्हणाली. “तुझ्या आज्ज्याचं. कडबा तोडताना गेलतं. म्या चिंधी बांधली होती.”

मोहनराव खुर्चीवर बसले. “आमच्यात एक साल सिदू म्हणून गडी होता खरा,” ते हळू म्हणाले. “म्या ल्हान होतो.”

“एकच साल. तुमच्या आबांनी बीडहून फोटूवाला आनलता पोळ्याला. त्यो म्हनला, गड्या बाजूला हो. झाला बाजूला. पर हरण्या त्येच्याबिगर उभा ऱ्हायचाच न्हाई. म्हनून मूठ तेवढी आत ऱ्हायली.” आजी जराशी हसली. “त्याच दिवाळीला ताप आला अन् गेला. परमेश्वर दोन वर्सांचा होता.”

स्वप्नाला रडूच फुटलं. घरात आज्ज्याचा एकही फोटो नाही, देव्हाऱ्यात त्याच्या नावाची सुपारी ठेवलेली, हे ती जन्मापासून बघत आली होती. त्याचं या जगात उरलेलं एकमेव चित्र तिनं दहा मिनिटांत पुसलं होतं, तेही आजीच्या शेजारी बसून.

मोहनरावांनी तो हात बैलासकट आपल्या उपरण्यात जपून गुंडाळला. “आजी, मला ठाऊक नव्हतं बघा,” एवढंच म्हणाले. जाताना आजीच्या पाया पडले.

ते गेल्यावर आजीनं कापलेली मूठ मागून घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. “स्वप्ने, एक सांगू? कुनाला बोलले न्हाई आजवर. त्येचं तोंड इसरले म्या. नाक आठवावं तर डोळे जात्यात, डोळे आठवावं तर हसनं जातं. एकदा दाव ना गं मला. तुझं मशीन एवढा हात करतंय, तर तोंड का न्हाई करायचं?”

४

पोळ्याच्या दिवशी स्वप्नानं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मूळ फोटोतली मूठ तिनं पुन्हा जागेवर आणली, पिक्सेलही इकडचा तिकडे केला नाही, आणि उजाडताच प्रिंट लावला. बाहेर घुंगरं वाजत होती, पोरं ओरडत होती, समोरच्या दारात पुरणाचा वास सुटला होता. आजी नवं लुगडं नेसून मशीनसमोर खुर्ची टाकून बसली, लग्नात बसावं तशी.

आधी चार खूर उमटले. मग त्यांच्यापुढे दोन अनवाणी पाय. स्क्रीनवर पाय नव्हतेच, पण आता त्याचं नवल करायचं स्वप्नानं सोडून दिलं होतं. भीती होती, नाही असं नाही, पण आजीचा आनंद बघून तीही हसत होती.

“आलं का गं त्येचं पाय?”

“आलं, आजी. टाचंला भेगा हायेत.”

“हायेतच! किती येळा तेल लावलं!”

“आजी, तू आज्ज्याला आरं-तुरं करतीस?”

“आता काय आहो-जाहो? सव्वीस वर्सांचा पोरगा हाय त्यो. माझ्या नातवाच्या वयाचा.” आणि आजी खुदूखुदू हसली.

दहाच्या सुमाराला स्वप्नाला आणखी काहीतरी दिसलं. त्या पायांच्या शेजारी आणखी दोन पाय उगवत होते. लहान, रुंद, बाईमाणसाचे. त्यांच्या बाजूला एक गोल ठिपका, जो थरावर थर चढून सरळ वर येत होता. काठी होती ती. स्वप्नानं भिंग घेतलं आणि डाव्या पायाची बोटं मोजली. पुन्हा मोजली.

सहा.

धारूरच्या अख्ख्या डोंगरात डाव्या पायाला सहा बोटं असलेली एकच बाई होती, आणि ती आता खुर्चीत बसून, पाय हलवत, “पुढं काय आलं गं?” विचारत होती.

दुपारपर्यंत नेसणं आलं, कंबर आली, बाईचे खांदे आले. माणसाचा उजवा हात वेसणीवर होता, तो तर ओळखीचाच. डावा हात बाईच्या खांद्यावर टेकत होता. मशीनचा आवाजही बदलला. एरवी ते घरघरतं, आता मधूनच च्क च्क करत होतं, बैलाला चुचकारतात तसं. तार अडकली की असा आवाज येतो, स्वप्ना मनात म्हणाली. तिनं रीळ तपासलं. तार मोकळी होती.

आणि मग तिच्या लक्षात आलं. मशीन खालून वर जातं. आजी बुटकी, आज्जा उंच. आज्ज्याचं तोंड यायचं तर त्याआधी आजीचं डोकं पुरं व्हायला हवं. आजी अशी अख्खी तिथं उभी राहिली, त्याच्या हाताखाली, तर इथल्या खुर्चीत कोण उरणार?

येडेपणा आहे हा, तिनं स्वतःला बजावलं. प्लॅस्टिक आहे. पण हात आपोआप बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला, कारण आजी पदराची गाठ मुठीत धरून, तोंड पुढे काढून वाट बघत होती. पन्नास वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

“आजी,” शेवटी स्वप्नानं सगळं सांगून टाकलं, सहा बोटांसकट.

आजीनं ऐकलं. काठीनं आपलाच डावा पाय टोकरला. मग मशीनकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, “अय! घाई कावून करतोस? एका डोळ्यानं काय बघू तुला? दुसरा डोळा व्हायचाय माझा. झाला की बघते. तवर थांब.” आणि नातीला म्हणाली, “कर बंद.”

स्वप्नानं बटण दाबलं, वर प्लगही ओढून काढला. बाईचा गळा नुकता सुरू झाला होता. माणूस छातीपर्यंत आला होता. हरण्याला शिंगं नव्हती. तरी तिघंही ताठ उभे होते.

५

ती अर्धवट मूर्ती आजीनं दुकानामागच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी मांडली. रोज सकाळी तिला हळदकुंकू वाहायची, आणि डोकंच नसल्यानं कुंकू लावायची पंचाईत, म्हणून मूर्तीतल्या बाईच्या काठीला लावायची.

आठवड्याभरानं स्वप्नाला वाटलं, बाईचा गळा जरा लांब दिसतोय. तिच्याकडे जाडी मोजायचं व्हर्निअर होतं. तिनं मोजलं. दुसऱ्या दिवशी मोजलं, तर एक थर जास्त. आदल्या मापात चूक झाली असेल. तिसऱ्या दिवशी आणखी एक. दमट हवेनं प्लॅस्टिक फुगतं म्हणतात. पण फुगलेल्या प्लॅस्टिकला अशी कडेनं शिवण घातल्यासारखी रेघ नसते. ती प्रिंटरची रेघ होती, आणि प्रिंटर कापड पांघरून कोपऱ्यात बंद पडला होता.

चौथ्या दिवशी स्वप्नानं कानस घेतली आणि बाईचा गळा एक थर घासून काढला.

मग रोजचंच झालं. आजी आंघोळीला गेली की नात कानस काढायची. रात्रीतून आज्जा एक थर चढवायचा, सकाळी नात एक थर उतरवायची. माणसाला मात्र तिनं हात लावला नाही. तो हळूहळू वर येत होता, छातीवरून खांद्यापर्यंत, खांद्यावरून गळ्यापर्यंत. आजीला तोंडही दिसेल आणि आजी जागची हलणारही नाही, अशी तिची युक्ती. स्वतःच्या हुशारीवर ती खूश होती. दसरा गेला, दिवाळी गेली. बापाला फोनवर म्हणाली, “आजी खुटखुटीत हाय. मलाच वैताग देते.”

आजीनं एकदाच विचारलं, “देव्हाऱ्यापाशी भुगा कसला पडतो गं रोज?”

“उंदीर असंल, आजी.”

“असंल,” आजी म्हणाली.

६

होळीच्या आधी आजीचा दुसरा डोळाही झाला. पट्टी निघाली त्या दिवशी तिनं आधी नातीचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळलं. “बाई गं! एवढी काळी हायेस व्हय तू?” म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या.

मग ती देव्हाऱ्याकडे गेली. स्वप्ना मागे उभी राहिली.

माणूस ओठांपर्यंत आला होता. हनुवटी, त्यावर छोटासा खड्डा, आणि वरचा ओठ जिथं सुरू होत होता तिथंच संपत होता. नाक नाही, डोळे नाहीत. पण तेवढ्यावरूनही कळत होतं की तो हसतोय, आणि त्याची मान बाजूला झुकली होती, बुटक्या माणसाकडे वाकून बघावं तशी.

आजीनं वाकून ती हनुवटी बोटानं चाचपली. मग तिनं पदरानं डोळे टिपले, नव्या डोळ्याला पाणी लावायचं नाही हे विसरून. “ह्योच,” ती म्हणाली. “ह्योच त्यो. आता बाकीचं आठवतंय मला. समदं आठवतंय.” आणि जरा वेळानं, डोळे न हटवता, “मला कावून अशी बिनडोक्याची ठिवलीस गं?”

स्वप्नानं देव्हाऱ्यापाशी पडलेला भुगा मुठीत गोळा केला.

“असू दे. म्या कुठं घाई करते,” आजी म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवून चहा टाकायला गेली. त्या दिवशी तिनं दोन कप चहा केला आणि एक देव्हाऱ्यापाशी ठेवला. दिवसभर गाणं गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला तशी स्वप्नानं कानस काढली. देव्हाऱ्यापाशी गुडघे टेकून बसली, मूर्ती उजेडाकडे वळवली आणि घासायला टोक नेलं. टोक कशाला तरी अडलं.

सहा महिने तो डावा हात बाईच्या खांद्यावर होता. आता खांद्यावर नव्हता. तो वर सरकला होता आणि बाईच्या तुटक्या गळ्यावर पालथा पडला होता, वाऱ्यात दिवा झाकावा तसा, चारी बोटं घट्ट जुळवून. आत काय झालं होतं, किती थर चढले होते, काही दिसत नव्हतं. बोटांत कानस शिरायला फट नव्हती.

स्वप्नानं फट शोधली. सगळीकडून शोधली. मग कानस तशीच हातात धरून बसून राहिली.

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. दार वाजलं. ओल्या पावलांचा आवाज तिच्या मागे येऊन थांबला.

“काय गं,” आजी म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं, “आज घासनं न्हाई व्हय?”